वार्षिक सरासरीआडचं कोकण

कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याही वीज कंपनीचा पर्यावरण अहवाल उघडा. हवा मर्यादेत, पाणी मर्यादेत, आवाज मर्यादेत, लावलेल्या झाडांपैकी बहुतेक जगलेली. त्याच आठवड्यात आंबा बागायतदारांच्या बैठकीत जाऊन बसा. मोहर करपला, कणी गळली, कंपनीने वाट लावली. दोघांपैकी एक खोटं बोलतोय असं धरूनच आपल्याकडची सगळी चर्चा चालते. प्रत्यक्षात दोघंही खरं बोलत असू शकतात, आणि खरी अडचण तीच आहे. कंपनी वर्षाच्या हिशेबात मोजते. नुकसान होतं ते ठरावीक पंधरवड्यात, दिवसाच्या ठरावीक तासांत आणि डोंगराच्या ठरावीक उतारावर.

हे कसं होतं ते आधी हवेच्या बाबतीत पाहू. हवेच्या गुणवत्तेची २००९ ची राष्ट्रीय मानकं कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइड वायूसाठी सर्वसाधारण भागांत दोनच आकडे देतात: २४ तासांची सरासरी घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची ५०. तासाभराची मर्यादाच नाही. वर्षाची सरासरी काढायला आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षात १०४ वेळा मोजलं की नियम पाळला गेला. आता समजा, एखाद्या वाडीवर सकाळी दोन तास हा वायू ४०० पर्यंत चढला आणि उरलेले २२ तास १५ वर राहिला. दिवसाची सरासरी येते ४७. अहवालात ‘मर्यादेच्या आत’. ओल्या मोहराने मात्र ते दोन तास ४०० चेच काढलेले असतात.

आणि हे दोन तास केवळ गणिताच्या सोयीसाठी घेतलेले नाहीत. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन थंड होते, तिच्यावरची हवा जड होऊन बसते आणि चिमणीतून निघालेला धूर वरच्या थरात फारसा न पांगता पट्टीसारखा तरंगत राहतो. ऊन चढलं की जमिनीलगतची तापलेली हवा घुसळत घुसळत वर जाते. नऊ-दहाच्या सुमाराला ती घुसळण त्या पट्टीपर्यंत पोचते आणि रात्रभराचा धूर एकदम खाली ओढला जातो. दुपारचा प्रकार वेगळा. मतलई वाऱ्यांबरोबर रात्री समुद्रावर गेलेला धूर खाऱ्या वाऱ्यांबरोबर परत फिरतो, आणि किनारा ओलांडल्यावर आत काही किलोमीटरवर, जिथे तापलेल्या जमिनीवरची घुसळण त्याच्या उंचीला पोचते, तिथे उतरतो. म्हणजे चिमणीच्या पायथ्याशी हवा स्वच्छ आणि चार-पाच किलोमीटर आतल्या वाडीत घसा खवखवतोय, हे अगदी शक्य आहे. पहाटेच्या दवाने मोहर भिजलेला असेल तर प्रकरण आणखी वाईट, कारण पाण्याच्या पातळ थरात हा वायू चटकन विरघळतो आणि त्याचं आम्ल तयार होतं.

मोजणी यंत्रं कुठे असतात? प्रकल्पाच्या फाटकाजवळ, अतिथीगृहाच्या गच्चीवर, ग्रामपंचायतीच्या इमारतीवर. जिथे वीज आहे, कुलूप आहे आणि नमुने गोळा करणाऱ्याची गाडी जाते तिथे. आंब्याची कलमं असतात ती कातळाच्या उतारावर. चिमणी समुद्रसपाटीपासून २० मीटरवर उभी असेल आणि बाग १२० मीटरवर, तर २२० मीटरची चिमणी त्या बागेच्या हिशेबी १२० मीटरचीच उरते. शिवाय धूर कुठे पडेल हे सांगणारं जे संगणकीय मॉडेल परवानगीच्या अहवालात सर्रास वापरतात, त्यात किनाऱ्यावरचा हा धूर खाली ओढला जाण्याचा प्रकार धरलेलाच नसतो. मग जास्तीत जास्त प्रदूषणाची म्हणून जी जागा त्यातून निघते, तिथे यंत्र ठेवून काय हाती लागणार?

चिमणी उंच असली की प्रदूषणाचा प्रश्न मिटला, हा गैरसमज इतका रुजलाय की तो आता धोरणातही शिरला आहे. एक ठोकताळा मांडू. ३०० मेगावॉटचे चार संच, कोळसा किलोला ५,००० किलोकॅलरीचा. एका संचाला तासाला साधारण १४० टन कोळसा लागेल. त्यात ०.६ टक्के गंधक असेल तर चारही संचांतून दिवसाला १६० टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड बाहेर पडेल. नियमातलं जुनं सूत्र असं: तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो त्या आकड्याचा ०.३ घात घ्या, त्याला १४ ने गुणा, तेवढे मीटर चिमणी उंच हवी. वरच्या आकड्यांना हे सूत्र लावलं तर उत्तर २०० मीटरच्या आत-बाहेर येतं. चिमणी २२० मीटरची असली की कायद्याचं समाधान झालं. पण १६० टन हे १६० टनच राहतात.

डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने पहिल्यांदा चिमणीच्या तोंडाशीच मर्यादा घातली होती. २००४ ते २०१६ मध्ये उभ्या राहिलेल्या, ५०० मेगावॉटपेक्षा लहान संचांसाठी घनमीटरला ६०० मिलिग्रॅम. ०.६ टक्के गंधकाचा कोळसा जाळला की धुरात हजाराच्या वर मिलिग्रॅम येतात, म्हणजे धूर धुण्याचं, धुरातला हा वायू काढून घेणारं संयंत्र बसवल्याशिवाय सुटका नव्हती. मुदती पुढे पुढे ढकलत शेवटी जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून मोकळं केलं. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असाल तर संयंत्र बसवा. प्रदूषणग्रस्त म्हणून ठरलेल्या भागांजवळ असाल तर तुमचं प्रकरण पाहून ठरवू. बाकीच्यांनी चिमणीच्या उंचीचा निकष पाळला की झालं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात दहा लाखांचं शहर नाही, होणारही नाही. माणसं मोजून काढलेल्या निकषात कलमांना जागा नाही. ज्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन देऊन आपण मिरवलं, तो या अधिसूचनेच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही, याचा पुरावा याच किनाऱ्यावर उभा आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं, निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. तिथल्या ५०० मेगावॉटच्या केंद्राने धूर धुवावा असा आदेश या प्राधिकरणाने दिला. वाद बरीच वर्षं चालला, आणि २००७ साली संयंत्र चालू झालं. देशात इतर ठिकाणी हे संयंत्र परवडेल का यावर परिषदा झडायच्या होत्या, त्याच्या कितीतरी आधी. डहाणू-घोलवडच्या चिकूला असं प्राधिकरण मिळालं, ते रत्नागिरीच्या आंब्याला का मिळालं नाही? तंत्रज्ञान तेच, समुद्र तोच. फरक एवढाच की डहाणूत ऐकून घेणारं, आदेश देणारं आणि तो पाळला जातो का ते पाहणारं एक कायमचं व्यासपीठ होतं. आपल्याकडे जनसुनावणी होते ती एकदाच, प्रकल्प येण्यापूर्वी, मांडवात.

किनाऱ्यावर धूर धुणं आतल्या मुलखापेक्षा सोपं असतं, हे फारसं कोणी सांगत नाही. चुनखडी आणायला नको, जिप्समचे ढीग सांभाळायला नकोत. समुद्राच्या पाण्यात मुळातच बायकार्बोनेट असतं. कंडेन्सरमधून, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा काही भाग उंच टॉवरमधून धुरावर शिंपडतात, वायू पाण्यात उतरतो, पाणी आम्ल होतं. ते उरलेल्या पाण्यात मिसळून मोठ्या हौदात खालून हवा फुंकतात, तेव्हा सल्फाइटचं सल्फेट होतं, आणि सल्फेट समुद्रात लिटरला अडीच ग्रॅमच्या वर आधीच आहे. बिघडतं कुठे? फुंकणाऱ्या ब्लोअरमध्ये. वीज वाचवायला दोनपैकी एक ब्लोअर बंद ठेवला, की कमी प्राणवायूचं, आम्लधर्मी पाणी सरळ खाडीच्या तोंडाशी जातं. म्हणजे हवेतला प्रश्न मासळीच्या गळ्यात. तेव्हा संयंत्र बसवा अशी मागणी करताना हौदाच्या शेवटच्या टोकाचा सामू आणि प्राणवायू दर तासाला दाखवा हीसुद्धा त्याच दमात करायला हवी.

संयंत्र येईल तेव्हा येईल. तोवर दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांना नवी यंत्रसामग्री लागत नाही.

पहिली, कोळशाची निवड. आयात कोळशात गंधक ०.२ टक्क्यांपासून ०.८ पर्यंत काहीही असू शकतं, आणि गंधक तिपटीने कमी तर वायूही तिपटीने कमी, इतका हा सरळ हिशेब आहे. १६० टनांचे थेट ५०-५५ होतात. जहाजांचं वेळापत्रक कंपनी महिनोन्‌महिने आधी ठरवते. डिसेंबर ते फेब्रुवारीत जळणारा साठा कमी गंधकाचाच असेल, आणि यार्डात तो वेगळ्या ढिगात राहील, एवढं खरेदी विभागाला सांगायचं. त्यातली अडचणही सांगतो: कमी गंधकाचा इंडोनेशियन कोळसा ओलसर आणि पटकन पेटणारा असतो. ढीग थराथराने रोलरने दाबला नाही, आधी आलेला आधी उचलला नाही, की आतून तापून धुमसायला लागतो. मग शिंपायला पाणी, त्या पाण्याचा निचरा, आणि उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर उडणारी भुकटी. कोळसा बदलला की यार्डाची शिस्तही बदलावी लागते, आणि ती ठेकेदारावर सोडून चालत नाही.

दुसरी गोष्ट लोड, म्हणजे संचाची वीजनिर्मिती, कमी करण्याची. धूर खाली ओढला जाण्याचे सकाळचे तास आणि सौरऊर्जा भरात येण्याचे तास जवळपास एकच आहेत. त्या वेळेला कोळशावरचे संच मागे घ्या असं ग्रिडच सांगत असतं. २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनी संचांना ५५ टक्क्यांपर्यंत उतरण्याची तयारी ठेवायला सांगितलंच आहे. मग मोहराच्या दिवसांत, वारा पडलेला असेल आणि दव जास्त असेल अशा सकाळी लोड आधीच उतरवायला हरकत काय? हरकत करारात आहे. संच ‘उपलब्ध’ असल्याबद्दल कंपनीला स्थिर आकार मिळतो. पर्यावरणासाठी स्वतःहून मागे घेतलेली क्षमता अनुपलब्ध धरली गेली तर पैसे कापले जातात. म्हणून असे मोजके दिवस आधी जाहीर करून वीज नियामक आयोगाने ते ‘उपलब्ध’ धरावेत. ग्राहकाच्या बिलावर याचा भार पडलाच तर तो नगण्य असेल. अर्थात लोड उतरलं की धुराचा जोर कमी होऊन तो कमी उंचीवर राहतो, त्यामुळे फायदा पूर्ण अर्धा मिळत नाही. तरीही तो मिळतो.

समुद्राकडे वळू. इथेही तीच गोष्ट, फक्त सरासरी तापमानाची आणि क्लोरीनची. समुद्राचं पाणी घेऊन तसंच परत सोडणाऱ्या १,२०० मेगावॉटच्या केंद्राला, सात अंशांची वाढ धरली तर, तासाला सुमारे २ लाख घनमीटर पाणी लागतं. घनमीटरला माशाचं एकच अंडं आलं असं धरा, तरी दिवसाला ४८ लाख अंडी पंपातून आणि कंडेन्सरच्या नळ्यांतून जातात. चाळणीने मोठा मासा अडतो, अंडी आणि पिलं अडत नाहीत. जैतापूरला प्रत्येकी १,७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या ठरल्या आहेत. अणुवीज केंद्र धूर सोडत नाही, पण जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता पाण्यात टाकतं, आणि तिथे याच हिशेबाने सेकंदाला ६०० घनमीटरच्या घरात पाणी लागेल.

नियम म्हणतो, सोडलेल्या पाण्यामुळे समुद्राच्या पाण्याचं तापमान सात अंशांपेक्षा जास्त वाढू नये. कुठे मोजायचं, कधी मोजायचं? उधाणाला, भरतीच्या जोरात मोजलं तर कुठलंही केंद्र पास होईल. मे महिन्यात किनाऱ्याचं पाणी मुळातच ३० अंशांच्या आसपास असतं. त्या दिवसांत भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तेव्हाच्या, ओहोटीला, पाणी हलत नसताना, खडपाला चिकटलेल्या कालवांच्या उंचीवर मोजा. मासा पोहून निघून जाईल, कालवं आणि तिसऱ्या हे शिंपले कुठे जाणार? त्यांच्यावर घर चालवणाऱ्या बाया कुठल्याही मच्छीमार सोसायटीच्या सभासद नसतात, म्हणून बाधितांच्या यादीतही नसतात.

क्लोरीनचं तर उदाहरणच द्यायला हवं. नळ्यांत शिंपले-कालवं धरू नयेत म्हणून पाण्यात सतत थोडा क्लोरीन सोडतात, आणि मधूनमधून तासाभरासाठी मोठी मात्रा, ज्याला सगळे शॉक डोस म्हणतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. नमुना घेणारा महिन्यातून एकदा, दिवसा, कार्यालयीन वेळेत येतो. शॉक डोस ज्या पाळीत देतात त्या पाळीत तो कधी आलाय का, हे डोसिंगची नोंदवही आणि नमुन्याची वेळ शेजारी शेजारी ठेवली तर पाच मिनिटांत कळतं. अहवालात या दोन गोष्टी कधी एका पानावर येत नाहीत.

राखेबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथे कोकणातली जमीन सगळ्यांना चकवते. आयात कोळशात राख कमी असते, सहा टक्के धरली तरी वरच्या आकाराच्या केंद्रात रोज आठशे टन. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार ती शंभर टक्के वापरात आणायची, न आणल्यास टनाला हजार रुपये भरपाई. आठ महिने ते जमतं. जून ते सप्टेंबर बांधकामं बंद, वीटभट्ट्या बंद, महामार्गावर खड्डे आणि दरडी. त्या चार महिन्यांत लाखभर टन राख साठवायची, तीही जिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे. वीस हेक्टरच्या राखबंधाऱ्यावर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस झाला तर ६० हजार घनमीटर पाणी आलं. तासाला ५०० घनमीटरचा पंप ते पाच दिवसांत काढेल, तेसुद्धा वीज असेल तर. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तौक्ते तर मे महिन्याच्या मध्यालाच आलं. ‘पावसाळ्यापूर्वीची कामं’ जूनच्या पहिल्या आठवड्यात संपवण्याची पद्धत त्या दोन वर्षांनी मोडीत काढली. बंधाऱ्याची पातळी १ मे पर्यंत उतरलेली हवी, आणि पंपाला स्वतःचा डिझेल जनरेटर, तोही पाणी चढणार नाही अशा उंचीवर.

बांध फुटणं ही बातमी होते. पाझर होत नाही. सडा म्हणजे जांभा, आणि जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. त्याखाली शाडूसारखा चिकण थर. वर पडलेलं पाणी जांभ्यातून झपाट्याने उतरतं, चिकण थरावर अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. वाडीची पाण्याची सोय बहुधा त्याच झऱ्यावर असते. आता तपासणीच्या विहिरी कुठे खणतात? बंधाऱ्याच्या चारी कोपऱ्यांना, सड्यावर, कुंपणाच्या आत. मार्चमध्ये त्यात पाणीच नसतं, पावसाळ्यात असतं ते ताज्या पावसाचं. पाझर त्या विहिरींना वळसा घालून खालच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, कधीच पोचलेला असतो. बंधाऱ्याच्या तळाशी प्लॅस्टिकचं अस्तर घालतात, पण त्याखाली कातळाचे कंगोरे नीट घासले नाहीत, जाड कापडाचा थर दिला नाही, तर राखेच्या वजनाने ते जागोजागी फाटतं. ते वरून कोणाला दिसत नाही.

म्हणून तपासायचे ते झरे, आणि तेसुद्धा बंधारा बांधण्यापूर्वीपासून. जांभ्यातल्या झऱ्याचं पाणी इतकं मऊ असतं, क्षार इतके कमी, की थोडीही भर पडली तरी विद्युतवाहकता लगेच चढते. वाहकता मोजायचं हातातलं यंत्र काही हजारांत मिळतं, शाळेतला शिक्षकही ते वापरू शकेल. वाहकता चढली तर प्रयोगशाळेत सल्फेट आणि बोरॉन बघायचं. राखेतून सगळ्यात आधी निघून येतात ते हेच. किनाऱ्याजवळ मात्र खाऱ्या पाण्याचा फसवा संशय येऊ शकतो, त्यामुळे क्लोराइडही मोजायचं. क्लोराइड जागच्या जागी आणि सल्फेट-बोरॉन वर, तर पाणी समुद्राचं नव्हे, बंधाऱ्याचं. आणि मूळ आकडे हवेत चारही ऋतूंचे. औष्णिक प्रकल्पाच्या परवानगीसाठी पावसाळा सोडून एका ऋतूचे आकडे गोळा केले तरी चालतं. जिथे वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, तिथे नेमके तेच चार महिने वगळून काढलेली ‘मूळ परिस्थिती’ ही कसली?

आता कंपनीच्या आत डोकावू. कागदावर सगळं असतं: आयएसओ १४००१ चं प्रमाणपत्र, जोखमींची नोंदवही, लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींचा तक्ता. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे शाश्वततेचा अहवालही द्यावा लागतो. त्यात देशभरातली सगळी केंद्रं एकत्र करून आकडा छापतात, म्हणजे वेळेची सरासरी झाली ती थोडी, आता जागेचीही. शिवाय शाळेला दिलेले बाक आणि रुग्णवाहिका त्याच अहवालात पर्यावरणाच्या शेजारी छापतात. सामाजिक दायित्वाचे दोन टक्के हे कंपनी कायद्याचं वेगळं कलम आहे. धूर धुण्याची जबाबदारी त्यातून फिटत नाही.

केंद्र खरोखर जोखीम सांभाळतंय का, हे एका प्रश्नात कळतं: रात्री दोन वाजता राख पकडणाऱ्या यंत्राची, ईएसपीची, दोन फील्डं, म्हणजे राख ओढणारे दोन विद्युत विभाग, ट्रिप झाली तर लोड उतरवायचा अधिकार कोणाला आहे? पाळीच्या प्रमुखाला, स्वतःच्या सहीने, कोणालाही न विचारता, असं उत्तर आलं तर तिथे व्यवस्थापन आहे. ‘वर फोन करावा लागतो’ असं आलं तर नाही. पर्यावरण विभाग नऊ ते सहा चालतो, बॉयलर चोवीस तास. संच थंड अवस्थेतून पेटवताना सुरुवातीला तेल जाळतात, तेव्हा तेलकट काजळी बसू नये म्हणून ईएसपी बंद ठेवावं लागतं, आणि त्या तासांचा काळा धूर सरासरीत धरतच नाहीत. पूर्वी वर्षातून मोजक्या वेळा संच पेटवायचे; सौरऊर्जा वाढली तशी ही संख्याही वाढत जाणार.

चिमणीतल्या ऑनलाइन यंत्रांचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर जातात. तिथे कोण बघतं? पावसाळ्यात दमट हवेने नळीचं गाळणं तुंबतं आणि तोच आकडा, दशांशासकट, तासन्‌तास येत राहतो. कच्चे आकडे दर पंधरा मिनिटांचे उघडे ठेवले तर अकरावीचा विद्यार्थीही असं गोठलेलं यंत्र ओळखेल. सरासरीत ते मजेत लपतं.

वायुगळतीचं थोडक्यात. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणे प्रकल्पाच्या आतली आपत्कालीन रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी आणि बाहेरची, जिल्हा प्रशासनाची, वर्षातून एकदा घ्यायची असते. बाहेरची तालीम खरी तेव्हाच, जेव्हा शाळा भरलेली असताना ती होते आणि वाऱ्याची दिशा पाहून मुलांना कुठल्या पाखाडीने न्यायचं हे शिक्षकांना सांगता येतं. कंपनीच्या मैदानावर अग्निशामक गाडीचे फोटो काढणं म्हणजे तालीम नव्हे.

यावर कंपन्यांकडून येणारा युक्तिवाद असा: आंबा हवामानामुळे जातोय, फुलकिड्यांमुळे जातोय, अवकाळी पावसामुळे जातोय, आमच्या नावाने पावती फाडू नका. यात तथ्य आहे. प्रकल्पापासून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या बागांनाही गेली काही वर्षं फुलकिड्यांनी रडवलंय, आणि प्रत्येक करपलेला मोहर धुराच्या खात्यावर मांडणं बागायतदाराच्याच अंगाशी येतं, कारण मग खरी तक्रारही कोणी मनावर घेत नाही. पण कंपनीला स्वतःच्या म्हणण्यावर विश्वास असेल तर तासातासाचे आकडे लोकांपुढे ठेवण्याची घाई तिलाच असायला हवी. वाऱ्याच्या बाजूच्या आणि विरुद्ध बाजूच्या, सारखीच फवारणी झालेल्या बागा जोडीने निवडून, दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून पाच-सहा हंगाम मोजणी करून घ्यावी. पैसे कंपनीने भरावेत, पण विद्यापीठाकडे ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जावेत. निकाल कंपनीच्या बाजूने लागला तर तो तिच्या उपयोगाचाच आहे.

वीज सगळ्यांना हवी, कोकणालाही हवी, याबद्दल वाद नाही. पश्चिम घाटासाठीच्या गाडगीळ समितीने २०११ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रकल्पांचा एकेकटा नव्हे तर एकत्रित परिणाम पाहा असं सांगितलं होतं. ते राहून गेलं. निदान जे प्रकल्प उभे आहेत त्यांची मोजणी तरी इथल्या हंगामाप्रमाणे व्हावी.

त्यात सगळ्यात सोपी दुरुस्ती सहामाही अहवालाची. परवानगीच्या अटी पाळल्याचा अहवाल कंपनीने १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. ऑक्टोबर ते मार्चचा अहवाल येतो जूनमध्ये. म्हणजे जानेवारीत मोहरावर काय आलं ते बागायतदाराला कळायचं तर आंबा उतरून, पेट्या वाशीला जाऊन, हिशेब मिटल्यावर. हवामानावर आधारित फळपीक विम्यातून काही मिळेल म्हणावं, तर तो पाऊस, तापमान आणि वारा बघतो, धूर बघत नाही. तेव्हा १ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात दोन उतारांवरच्या बागांमध्ये तासाला नोंद करणारी यंत्रं, त्यांचे आकडे त्याच दिवशी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर, आणि ठरलेल्या तासाच्या आकड्याच्या वर गेलं की लोड उतरवण्याची लेखी अट, एवढं पुढच्या विस्ताराच्या जनसुनावणीत मंजुरीच्या पत्रात घालून घ्यावं. आवारात झाडं किती लावायची याची अट त्या पत्रात असतेच.